इबूत आणि मलम

लोहाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी शिवप्रियाला आणि तिच्या नवऱ्याला, अमरनाथला, समोर बसवून सांगितलं होतं. पोरीची, भुवनाची, कातडी म्हणजे गिलावा उडालेली भिंत. आतला ओलावा निघून जातो अन् बाहेरची घाण आत शिरते. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच हे साधं मलम चोपडायचं आणि अंगावर राहू द्यायचं. साबण नको, पीठ नको. अमरनाथनं मान डोलावली. ते त्याला फार चांगलं जमायचं.

शिवप्रिया रोज इमानानं मलम चोपडायची. तरी भुवनाचं कपाळ, दंड लालच. खाजवून खाजवून लेकरू रक्त काढायचं. सासूबाई, पार्वतम्मा, शेजारणींना सांगायच्या की सुनेच्या माहेरचंच रगत असलं असणार. आणि ही खुळी बाई ते खरं मानायला लागली होती.

मग एका सोमवारी ती सहज देवघरात डोकावली. सासूबाईंनी नात मांडीवर घेतली होती. तेलकट अंगावर इबूत बसत नाही ना! म्हणून त्या डाळीच्या पिठानं कपाळ, दंड, छाती खसाखसा पुसत होत्या, आणि वर तीन बोटांनी ती देवाची कोरडी राख ओढत होत्या. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय! बरं, म्हातारीच्या मनात पाप नव्हतं, नातीवर जीव होता. मग भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

शिवप्रियानं हळूच सांगून पाहिलं. बिनइबुतीचं लेकरू देवापुढं कसं न्यायचं, म्हणत सासूबाईंनीच डोळ्याला पदर लावला. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बघू.

त्याचं बघणं होईस्तोवर दंड चिघळला, पोर तापानं फणफणली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि मलम पुसतंय कोण, असं सरळ विचारलं. अमरनाथ पंख्याकडं बघत बसला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पीठ निघालं. भुवना किंचाळत हात झाडत होती. आणि अमरनाथ, व्हय, तोच, आईला नीट पुसता यावं म्हणून लेकीचे दोन्ही हात धरून बसला होता.

शिवप्रियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं पोर हिसकून घेतली, पिशवीत मलम टाकलं आणि माहेरी निघाली.

"आईला काय सांगू?" अमरनाथनं विचारलं.

"डाक्टरीणबाईनं तुमाला सांगितलं तेच," ती म्हणाली. "तेवढी छाती झालीच कधी, तर."