शेवटच्या थेंबावरचा चिमटा

माझ्या प्रोबेशनचे सहा महिने गुरुवारी संपणार होते आणि नामिबियाचं गिऱ्हाईकही नेमकं त्याच दिवशी येणार होतं.

"स्प्रे चालला तर तू पर्मनंट, रंजिता. नाही चालला तर..." हमदुल्लाभाईंनी पुढे बोलण्याऐवजी चहाचा घोट घेतला. मूळचे रत्नागिरीचे, कंपनीचे मालक. वाईट बातमी ते नेहमी अर्धीच सांगत.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या शेडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचं सामान पॅक होऊन आफ्रिकेला जायचं. बाण लागलेलं जनावर सहसा जागेवर पडत नाही. ते पळतं, झुडपात शिरतं, आणि शोधणाऱ्याला रक्ताच्या थेंबांवरून माग काढावा लागतो. सुकलेला थेंब आणि पानावरचा तांबडा डाग यांत फरक कळत नाही. त्यासाठी मी स्प्रे तयार केला होता. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड रक्ताला लागलं की पांढरा फेस येतो. उष्णतेने ते बिघडतं, म्हणून बाटल्या नागेशच्या फ्रिजमध्ये, दह्याशेजारी ठेवल्या होत्या. नागेश आमचा स्वयंपाकी. शेडच्या मागे तो चाळीस माणसांचा स्वयंपाक करायचा.

शिकार पाहिलेला माणूस आमच्यात एकच होता, माल चढवणारे दौलतमामा. पोलादपूरकडच्या त्यांच्या गावात ते लहानपणी तिरकमठेवाल्या कातकऱ्यांबरोबर डुकराच्या पारधीला जात.

"बाण लागला की आधी बसायचं, मॅडम," ते म्हणाले. "दोन विड्या संपेस्तोवर. मागं लागलं की जनावर लांब पळतं. सोडलं तर जवळच बसतं."

"मॅन्युअलमध्ये अर्धा तास लिहिलाय, मामा."

"तेच ते. तुमचं मॅन्युअल विडी वढत नाय, एवढाच फरक."

बुधवारी सकाळी रंगीत तालीम झाली. मामांनी खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं रक्त यार्डातल्या वाळूवर थेंब थेंब टाकत नेलं आणि शेवटी एक गोणपाटाचं हरिण लपवलं. त्याला शिंगं म्हणून दोन हँगर होते. मी तोवर ऑफिसात बसले, घड्याळ लावून तीस मिनिटं.

पहिले अकरा थेंब छान फेसाळले. कंटेनरांपाशी वाट फुटत होती. डावीकडे फवारलं तर एवढा फेस आला की मी जवळजवळ धावलेच. फेस वाढतच गेला आणि किचनच्या मागच्या दाराशी संपला. तिथे नागेश स्टुलावर बसून बटाटे सोलत होता. सालांचं पाणी त्याने नुकतंच वाळूवर फेकलं होतं.

"हरिण शोधताय?" त्याने विचारलं. "ते आज रस्साभाजीत आहे. थांबा, शिजलं की वाढतो."

बारावीच्या प्रॅक्टिकलला मी कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हेच पेरॉक्साइड टाकून फेस मोजला होता. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

"शेवटचा खरा थेंब कुठं होता?" मामांनी विचारलं.

मी वळले. वाळूत सगळीकडे माझ्याच चपलांचे ठसे होते.

"म्हंजे पुढचा नाय, तुमचा मागचाच हरवलाय," मामा म्हणाले. "थेंब दिसला की तिथं फांदी रोवायची. मग मागं वळून बघायचं. जनावर कुठं निघालंय ते फांद्या सांगतात."

यार्डात एकच कडुनिंब होता आणि त्याच्या फांद्या तोडायला परवानगी नव्हती. नागेशच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे मात्र होते. "चौदा आहेत," तो म्हणाला. "मोजून घेतलेत. परत मोजणार."

हमदुल्लाभाईंना बटाट्याची गोष्ट कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "खलास. उद्या किचनमध्ये बटाटा नाही. नागेश, सिर्फ डाळ बनाव."

दुपारी मी कडुनिंबाचं गळलेलं पान चुरगाळून त्यावर स्प्रे मारला. फेस आला. कमी, पण आला. म्हणजे जंगलात पळणारं जनावर जी जी पानं तुडवेल, तिथे स्प्रे खोटं बोलू शकणार होता. मी बाटली बंद केली. मग किचनमध्ये गेले.

"नागेश, उद्या थोडे बटाटे सोल. पाणी रोजच्याच जागी टाक."

"भाई मला कच्चं खातील."

"तुला नाही, मला."

गुरुवारी आलेलं गिऱ्हाईक म्हणजे पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा म्हातारा. मामांनी माग नव्या वाटेने घातला होता. मी एकेक थेंब फवारत, बाजूला एकेक चिमटा रोवत निघाले. कंटेनरांपाशी डावीकडे फेस, उजवीकडेही फेस. हमदुल्लाभाईंनी किचनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डावीकडचा बटाटा आहे," मी इंग्रजीत म्हातारबाबांना सांगितलं. "स्प्रेला फरक कळत नाही. चुरगळलेल्या पानावरही फेस येतो."

हमदुल्लाभाईंना मोठा खोकला आला.

मी मागे वळले. नऊ चिमटे हळूहळू उजवीकडे झुकत आले होते. दहावा त्याच रेषेत रोवला. पुढचा थेंब तिथून चार पावलांवर होता, आणि तिसऱ्या कंटेनरच्या मागे हँगरची शिंगं.

म्हातारबाबांनी एक चिमटा उपटून निरखला आणि तो हातातच ठेवला. मागच्या वर्षी असल्याच एका स्प्रेने त्यांना तासभर एका झुडपाभोवती फिरवलं होतं, असं ते म्हणाले. पानावरही फेस येतो हे विकणाऱ्याने मात्र कधी सांगितलं नव्हतं. स्प्रे त्यांना हवा होता. प्रत्येक पेटीत रोवायला दहा खुणाही हव्या होत्या, आणि बटाट्याचं वाक्य लेबलवर.

"इन्शाल्ला, सब मिलेगा," हमदुल्लाभाई म्हणाले. त्यांचा खोकला पूर्ण बरा झाला होता.

लेबल मीच लिहिलं. दोन विड्यांचा उल्लेख हवा, असा मामांचा आग्रह होता. मी अर्धा तासच ठेवला. ते दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

शनिवारी टेबलावर पर्मनंटचं पत्र होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून कुणीतरी त्यावर न सोललेला बटाटा ठेवला होता. शेजारी नागेशची चिठ्ठी होती: चिमटे तेराच आले.