टाकीपर्यंतचा चढ

मिस्त्रीने गाडी घरी आणली तेव्हा ती गाडी आहे हे लोकांना सांगावं लागत होतं. चौघांनी ढकलत ती फाटकातून आत घेतली, आणि फाटक्या पोत्यातून भुसा सांडावा तसा तिचा गंज गल्लीभर सांडत आला. मागच्या दाराला हात लावला तर दार हातात आलं. पायरीवर उभी राहून मिस्त्रीची बायको हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अहो, हिला आत घेण्याआधी सगळ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या."

गोल पाठीची, चार दारांची गाडी. मिस्त्रीच्या तरुणपणी तसल्या गाडीतून फक्त मोठे साहेब उतरायचे. मिस्त्रीने बत्तीस वर्षं बसडेपोत बसगाड्यांची इंजिनं उघडली आणि जोडली, पण स्वतःच्या नावावर कधी सायकलीपलीकडे काही आलं नव्हतं. शेवटी एक स्कूटर आली, ती गेल्या वर्षी भाजीच्या गाड्यावर जाऊन आदळली. डोळ्यांसमोर क्षणभर अंधार आला, एवढंच मिस्त्री म्हणाला आणि विषय संपवला. स्कूटर भंगारात गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी ही गाडी आली.

गाडीचं मूळ इंजिन दगड होऊन बसलं होतं, आणि त्याच्या कुशीला बोट जाईल अशी चीर होती. म्हणून मिस्त्रीने एका लहान मालवाहू टेम्पोचं इंजिन मिळवलं. ते जुन्यापेक्षा मोठं, दीडपट ताकदीचं. डेपोतले जुने सोबती रोज चहाच्या वेळी अंगणातल्या शेडच्या दारात येऊन बसायचे आणि न विचारता सल्ले द्यायचे. त्यांच्यात काजळ्या सगळ्यांत तोंडाळ. जन्मभर बसच्या धुराड्यांशी काम केल्याने त्याच्या मानेच्या सुरकुत्यांत काळं कायमचं बसलं होतं, त्यावरून हे नाव पडलेलं.

"अरे, उंदराच्या पोटात बैल घालतोयस," काजळ्या म्हणाला. "मावेल कदाचित. पण चालेल का?"

"टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढेल," मिस्त्री म्हणाला.

गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी होती. तिथपर्यंतचा रस्ता असा की भरलेली बस दुसऱ्या गिअरमध्येही कण्हायची.

"तिसऱ्यात चढली तर मी तुला मरेपर्यंत मिस्त्री म्हणेन. नाही चढली तर आजोबा."

बोलून चालून थट्टा होती. पण मिस्त्रीच्या ती मनात बसली.

त्याच्या कामात जोडीला होती धाकटी लेक. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे नवऱ्याबरोबर राहायची, आणि एका मोठ्या गॅरेजात तिच्या हाताखाली सहा मेकॅनिक होते. लहानपणी ती बापाच्या शेजारी बसून नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायची. पाना कसा धरायचा, कापलेल्या पत्र्याची कड कशी घासायची, सगळं बापानेच शिकवलेलं. आता ती कामावरून सुटली की थेट शेडमध्ये यायची. मिस्त्रीचा उजवा गुडघा ऑपरेशननंतर पुरता वळत नव्हता, त्यामुळे वाटणी आपोआप झाली. गाडीच्या वरचं सगळं बापाचं, खालचं सगळं लेकीचं. ती गाडीखालून "झालं" म्हणाली की मिस्त्री पुढच्या कामाला लागायचा. डेपोत तो इतरांचं प्रत्येक काम पुन्हा तपासायचा, त्यासाठी बदनाम होता. लेकीच्या नटाला त्याने कधी पाना लावून बघितला नाही.

वर्ष गेलं. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. खालच्या पट्ट्यांना तर गंजाने खाऊन जाळीच केली होती, त्या लेकीने पाठीवर झोपून एकेक बदलल्या. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं जुळत नव्हती, म्हणून मध्ये बसवायला मिस्त्रीने जाड पोलादी प्लेट स्वतः आखून, भोकं पाडून तयार केली. मग एका रविवारी तुळईला चेनपुली टांगून इंजिन उचललं. बाप साखळी सोडत होता, लेक हाताने दिशा देत होती.

"दोन बोटं डावीकडे, बाबा. आता सोडा. हळू, हळू. माझं बोट आहे तिथे."

"किती बोटं आहेत तुझी?"

"दहा."

"मग एकाचं काय एवढं."

इंजिन कुरकुर न करता जागेवर बसलं. तीन दिवसांनी चावी फिरवली, तर पहिल्याच झटक्याला चालू झालं. मिस्त्री घरात गेला आणि तोंड धुऊन आला. बायकोला दिसलं की तोंड आधीच स्वच्छ होतं.

चढाचा दिवस ठरला. सोबती आधीच वर टाकीपाशी जाऊन बसले. धाकटी बापाच्या शेजारी बसली. सपाट रस्त्यावर गाडी छान निघाली, पण चढ लागला आणि तिचा दम कोंडला. पाय पूर्ण दाबला तरी वेग उतरत गेला. तिसरा, दुसरा, पहिला. शाळेच्या वळणावर तर माणूस शेजारून चालत पुढे गेला, आणि मग गाडी थांबलीच. मागे पाण्याचा टँकर भोंगा वाजवत होता. वरून सगळं दिसत होतं. मिस्त्रीने मान वळवून गाडी उलटी खाली घेतली. लेक पुढे बघत बसून राहिली.

संध्याकाळी काजळ्या दारात आला. "काय आजोबा," एवढंच म्हणाला.

त्यानंतरचे तीन आठवडे मिस्त्रीने दोष शोधण्यात घालवले. कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला. ठिणगीची वेळ तपासली. व्हॉल्व्हचं अंतर मोजलं. पेट्रोलचा पंप बदलला. शेडमध्ये उभी असताना इंजिन गुणगुणायचं, चढाला लावलं की गुदमरायचं. पुन्हा कार्बोरेटर उघडला. लेक शेजारी बसून टॉर्च धरायची, मागेल तो पाना हातात द्यायची.

"सायलेन्सर तुंबलाय का बघ," तो एकदा म्हणाला.

तिने खाली जाऊन सायलेन्सर काढून आणला. अंगणात पाण्याची नळी एका तोंडाला लावली. दुसऱ्या तोंडातून धो धो पाणी आलं.

"आणि पुढचा पाइप?"

"तोही बघितला, बाबा. मोकळा आहे."

मग तो विषय संपला. राहिला स्वतःचा हात आणि स्वतःचा कान. डेपोत डोळे मिटून, नुसता आवाज ऐकून तो सांगायचा की कितव्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. आता तो बायकोला बाहेर बोलवायचा आणि विचारायचा, "तुला कसा वाटतो आवाज?" ती म्हणायची, "मला मिक्सरचा कळतो फक्त." असं म्हणून ती घाईने आत जायची. ती का घाई करते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्यांदा कार्बोरेटर उघडला तेव्हा बारीक स्क्रू बोटांतून निसटून तीनदा खाली पडला. लेकीने तीनदा उचलून दिला.

त्या दिवशी चहाच्या वेळी तो सोबत्यांना म्हणाला, "मला नाही जमलं. हात गेला माझा."

कुणी हसलं नाही. काजळ्यानेसुद्धा कपात बघितलं. थट्टा केली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

तरी मंगळवारी दुपारी तो पुन्हा शेडमध्ये गेला. काही करायला म्हणून नाही, नुसता बोनेट उघडून उभा राहिला. इंजिनातून धूर बाहेर नेणारा लोखंडी फाटा आणि त्याखालचा पाइप, दोन्हींना त्याने स्वतः चंदेरी रंग दिला होता. फाट्यावरचा रंग जळून तपकिरी झाला होता, कुठे कुठे निळा. त्याने आरसा खाली धरून टॉर्च मारला. जोडाच्या खाली, पाइपावर, रंग काल दिल्यासारखा होता. उष्णता जोडापर्यंत येत होती आणि तिथेच अडत होती.

मिस्त्री आरसा धरून बराच वेळ उभा राहिला. मग जाड फळ्या लावून त्याने पुढची चाकं त्यांवर चढवली, खाली पोतं अंथरलं आणि भिंतीला धरून जमिनीवर बसायला लागला.

बायको दारात आली. "अहो, कुठे निघालात? गुडघा जाईल. ती संध्याकाळी येईल ना, ती बघेल."

"तिने बघितलंय," मिस्त्री म्हणाला.

बायको पायरीवर बसली.

पाठीवर सरकत तो आत गेला. तीन नट होते, नवे, नीट वंगण लावलेले. तिसरा सुटला आणि पाइप खाली झुकला तशी जोडातून एक पत्र्याची चकती निसटली आणि त्याच्या छातीवर पडली. जोडात घालायच्या गॅस्केटच्या मापाची, बोल्टांची भोकं अचूक, आणि मधोमध करंगळी जाईल एवढं एकच छिद्र. सगळा धूर एवढ्याशा छिद्रातून जात होता. सपाटीला पुरेल एवढा, चढाला नाही.

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. कड घासलेली होती, आतली आणि बाहेरचीही, कुणाचा हात कापू नये अशी. असं काम करणारी दोनच माणसं त्याला माहीत होती, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

"निघालं का काही?" बायकोने बाहेरून विचारलं.

"तुला माहीत होतं."

"मी तिला म्हटलं होतं, सांगून टाक म्हणून."

"कधी?"

"तुमच्या हातातून तो स्क्रू पडत होता ना, त्या दिवशी."

गाडीखालून बाहेर यायला त्याला पाव तास लागला. बायको हात द्यायला आली, तो त्याने धरला नाही.

धाकटी कामाच्याच कपड्यांत आली. चकती बोनेटवर ठेवलेली होती. ती बघून तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"त्या भाजीच्या गाड्याच्या जागी एखादं माणूस असतं तर?" ती म्हणाली. हे वाक्य तिने किती दिवस तयार ठेवलं असेल कोण जाणे. "डॉक्टर आईसमोर म्हणाले होते, पुन्हा असं होऊ शकतं. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मला आईने सांगितलं."

"मग मला नाही म्हणायचं."

"ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं. भांडलो असतो. आठ दिवस बोललो नसतो तुझ्याशी."

"तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही, बाबा. म्हणून गाडीकडून म्हणवून घेतलं. मला वाटलं, चढत नाही म्हटल्यावर गल्लीतच फिरवाल आणि सोडून द्याल. तुम्ही इतकं शोधत बसाल असं..."

"मी मेकॅनिक आहे," मिस्त्री म्हणाला. "दुसरं काय करणार होतो?"

मिस्त्रीने चकती उचलून हातात घेतली.

"गाडी अडवलीस त्याचं मला काही नाही. पण मी इथे बसून माझा हात गेला, कान गेला म्हणत होतो, आणि तू शेजारी बसून टॉर्च धरलास. तीन आठवडे. तेव्हा काय बघत होतीस तू?"

"तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मिस्त्रीने ते बघितलं. एरवी त्याला लेकीचं रडणं सहन होत नसे. आज तो तिथेच उभा राहिला.

"खाली जा," तो म्हणाला. "जोड बसव. मला जाता येत नाही."

ती गाडीखाली गेली. नट आवळण्याचा आवाज येत होता तेवढ्यात काजळ्या फाटकातून आला. त्याने फळ्यांवर चढवलेली गाडी बघितली, मग मिस्त्रीच्या हातातली चकती.

"सापडलं? काय होतं?"

गाडीखालचा आवाज थांबला.

मिस्त्रीने चकती उलटसुलट केली. खरं सांगितलं तर त्याचा हात, त्याचा कान, त्याचं नाव, सगळं जिथल्या तिथे परत येणार होतं. रात्रीपर्यंत सगळ्या सोबत्यांना कळलं असतं. आणि उद्या लेकीच्या गॅरेजातही कळलं असतं की ही बाई जोडात काय बसवून देते.

"काम चालू असताना पाइपात कचरा जाऊ नये म्हणून मीच बसवली होती," तो म्हणाला. "काढायची राहिली."

काजळ्या आधी नुसता बघत राहिला. मग हसायला लागला, तो खोकला येईपर्यंत हसला. "बत्तीस वर्षं डेपोत काढली, आणि धुराड्याला बूच लावून चढ चढायला गेला. आजोबा नाही रे, पणजोबा झालास तू." मग डोळे पुसत म्हणाला, "होतं असं. वय होतं माणसाचं."

"होतं," मिस्त्री म्हणाला.

लेक गाडीखालून बाहेर आली. कपाळाला काळं लागलं होतं. काजळ्याकडे वळून ती बोलायला गेली, "काका, ते..."

"झालं ना आवळून?" मिस्त्रीने मध्येच विचारलं. "मग घेऊन जा वर. तिसऱ्यात."

"तुम्ही चला ना. तुम्ही बसा शेजारी."

"मी इथून ऐकतो."

ती गाडी घेऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की टेकडीवरचा रस्ता अर्धा दिसायचा आणि सगळा ऐकू यायचा. काजळ्या शेजारी उभा राहून बोलत होता, मिस्त्रीने हात करून त्याला गप्प केलं. चढ लागला. इंजिनाचा आवाज भरीव झाला आणि तसाच राहिला. शाळेचं वळण गेलं. गिअर बदलल्याचा खटका कुठेच आला नाही. चारही सिलिंडर त्याला वेगळे वेगळे ऐकू येत होते, आणि चारांतही खोट नव्हती. टाकीपाशी आवाज उतरला, थांबला.

"चढली की रे," काजळ्या म्हणाला. "उगाच महिना घालवलास."

थोड्या वेळाने गाडी परत आली. धाकटी उतरली तेव्हा तिचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसत होता. चावी हातात धरून ती बापासमोर आली.

"बाबा, अख्खा चढ तिसऱ्यात चढली. एकदाही खाली घ्यावा लागला नाही."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं.

"खरंच चढली," त्याने विचारलं, "की म्हणतेस?"