मान टाकणारी गिटार

चार वर्षं माझ्या पोरीनं ते लाकूड घरात वाजवलं, आणि चार वर्षं मला त्यातून टुक टुक सोडून काय ऐकू आलं नाय. चार तारा, त्या पण गुरांच्या दाव्यासारख्या जाड. कानात वायरीची बोंडं घालून बसायची आणि एकटीच मान हलवायची. मी बोलायची, "हर्षला, अगं जे वाजतच नाय ते वाजवतेस कशाला?" तर बोलायची, "वाजतं गं आई, तुला ऐकू येत नाय." म्हणजे बहिरी मीच! कप्पाळ माझं.

बास गिटार बोलतात त्याला. दहिवलीच्या जितेशची बँजो पार्टी हाय, हळदीला, लग्नाला वाजवते, तिच्यात हर्षला बास वाजवते. आठवडाभर कर्जतला दाताच्या डॉक्टरकडं नोकरी, आणि सुटीच्या दिवशी टेंपोत बसून हळदीला. पार्टीत सगळे बाप्ये, ही एकटी पोरगी. आमच्या कळंबात लोकं काय काय बोलली मला. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाय. पण खरं सांगते, मला पण ते पटलेलं नव्हतं. चार वर्षांत मी एकदा पण तिला ऐकायला गेले नाय. भांडत होते तिच्यासाठी, पण जात नव्हते. असा माझा हट्ट.

त्या गुरुवारी संध्याकाळी तिच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला सुटला. मी ओरडणार, तेवढ्यात बघितलं तर पोरगी हाताकडं बघत बसलेली, डोळ्यांत पाणी.

"काय झालं गं?"

"हात बधिर होतो, आई. तीन गाणी झाली की बोटं चालत नायत. मी मागं पडते. शनिवारी खालापूरला हळद हाय. जितेशदादा बोललाय, ही शेवटची. परत मागं पडलीस तर नको येऊस."

"मग बास कोण वाजवणार? त्याचा बाप?"

"जितेशदादाच्या कीबोर्डात बटण असतं. दाबलं की बास आपोआप वाजतो."

बटण! माझ्या पोरीच्या जागी बटण! मला अशी आग लागली की चुलीवरचा भात करपला तरी कळलं नाय. वाजवू नको असं चार वर्षं मीच बोलत होते, ते मला चालत होतं. दुसऱ्यानं बोललेलं चालेना.

"उठ," मी बोलले. "गळ्यात घाल ती आणि उभी राहा. वाजव माझ्यासमोर."

तिनं वाजवलं. तेच टुक टुक. पण मी कान लावलाच नाय, मी तिच्या खांद्याकडं बघत होते. आता मला गाण्यातलं काय कळत नाय, पण ओझ्यातलं कळतं. भाताचे भारे, पाण्याचे हंडे, लाकडाच्या मोळ्या, सगळं या डोक्यावरून गेलंय. तेरा वर्षांची होते तेव्हा विहिरीवरून येताना हंड्याला दोन्ही हात लावून चालायची, आणि घरी आले की मान आणि हात रात्रभर ठणकायचे. माझी आई बोलली, हंडा नीट बसलेला नाय म्हणून तू धरतेस. तिनं चुंबळ सोडली, माझ्या डोक्याच्या मापानं परत वळली, हंडा ठेवला आणि माझे हात खाली ओढले. हंडा हलला नाय. मी दोन पावलं टाकली. माझा माझ्यावर विश्वास बसेना. आई मागून एवढंच बोलली, "चल आता पुढं." त्या दिवसापासून मी बायांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं चालायला लागले.

तर मी हर्षलाचे दोन्ही हात धरले आणि गिटारवरनं काढले. गिटारीचं डोकं धाडकन खाली, पार तिच्या गुडघ्यापर्यंत. कोंबडी मान टाकते तसं.

"अगं बाई," मी बोलले, "तू वाजवत कुठं हायस? तू हिचं मुंडकं धरून उभी हायस!"

हर्षला त्या गिटारीकडं अशी बघायला लागली, जशी पहिल्यांदाच बघते.

शुक्रवारी दुपारी ती डॉक्टरकडून लवकर सुटली आणि आमी दोघी मान न टाकणारी गिटार शोधायला दहिवलीला रिझवानच्या दुकानात गेलो. रिझवान अँप्लिफायर दुरुस्त करतो, जुनी वाद्यं घेतो, विकतो. पोरगा सरळ हाय, पण बोलायला लागला की थांबत नाय. त्यानं एक काळी गिटार काढली, आरशासारखी चकचकीत, पाच तारांची.

"मावशी, ही बघा. जितेशभाई पण हीच घ्यायला सांगत होते. पाच तारा म्हणजे छाप पडते लोकांवर."

"दे इकडं."

मी ती माझ्याच गळ्यात घातली, लुगड्यावरनं. रिझवानला हसू आवरेना. "मावशी, फोटो काढू?"

"काढ, आणि दुकानात लाव. गिऱ्हाईक वाढतील." आणि मी दोन्ही हात सोडले. काळी बाई गेली खाली. "नको. दुसरी दे."

दुसरी लाल होती, पापडासारखी हलकी. हर्षलाला ती आवडली, कारण खांद्याला लागत नव्हती. मी हात सोडले, तर ही पहिलीपेक्षा जोरात पडली. अंग हलकं आणि डोकं तेवढंच, मग काय होणार? रिझवानचं हसणं बंद झालं. तो खुर्ची ओढून बसला आणि बघायला लागला.

"ती मागची काय हाय?"

"ती नको मावशी. जुनी हाय, रंग उडालाय, मान पण आखूड. लोकं खेळणं समजतात."

"लोकांना काय वाजवायचीय?"

धूळ पुसून त्यानं दिली. तपकिरी, कडेला टवके गेलेले. पण पट्टा जिथं अडकवतात ते वरचं शिंग चांगलं लांब होतं, पार मानेच्या अर्ध्यापर्यंत आलेलं, आणि अंग भरीव. पट्टा मात्र गुळगुळीत होता, तो मी काढायला लावला आणि रुंद, खरबरीत चामड्याचा घेतला. खांद्यावरनं सरकणार नाय असा. गळ्यात घातली. एक हात सोडला. दुसरा सोडला.

नाय पडली. आडवी होती तशी आडवी. मी दुकानाच्या पायरीपर्यंत चालत गेले, परत आले, जरा वाकले सुद्धा. मान हलली नाय तिची.

"मावशी," रिझवान बोलला, "दहा वर्षं विकतोय. गिऱ्हाईक रंग बघतो, नाव बघतो, तारा मोजतो. हात सोडून कोणी बघितलं नाय."

"तू विहिरीवर पाणी भरायला गेला नायस म्हणून," मी बोलले. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग हर्षलानं ती घेतली आणि रिझवाननं तिची वायर खालच्या आवाजाच्या डब्यात घातली. लहान डबा होता, जमिनीवरच ठेवलेला, तिचा तिला एकटीला उचलता येईल असा. मी चपला बाहेर काढून अनवाणी उभी होते. हर्षलानं सगळ्यात जाड तार एकदाच ओढली.

बाई गं! कसं सांगू तुमाला? आवाज कानात आलाच नाय. तो लादीतनं आला. माझ्या तळपायात शिरला, पोटऱ्यांतनं वर चढला आणि पोटात येऊन बसला. कपाटातल्या काचा झणझणल्या, रिझवानच्या चहावर गोल गोल वळ्या उठल्या. मी भिंतीला हात लावला तर भिंत पण आतून बोलत होती. आणि हे सगळं माझ्या पोरीच्या एका बोटानं! अंगावर काटा आला तो जाईना.

"हे... हे चार वर्षं माझ्या घरात होतं?"

"मी बोलत नव्हते?" हर्षला बोलली आणि तिनं दुसरी तार ओढली.

मी तिथं पायरीवर बसले. डोळे पुसले आणि रिझवानवरच ओरडले की दुकानात किती रे धूळ तुझ्या.

शनिवारी ती तपकिरी गिटार आणि तो डबा घेऊन हर्षला निघाली, आणि तिच्याबरोबर मी पण टेंपोत बसले. जितेशनं कपाळाला आठी घातली. "काकी, तुमी कुठं?"

"हळदीला. बोलावलंय मला," मी बोलले. कोणी बोलावलेलं नव्हतं.

खालापूरच्या त्या घरापुढं मांडव घातलेला, अंगण ताजं सारवलेलं. जितेश हर्षलाची गिटार बघून बोलला, "हे काय, लहान पोरांचं?" ती तारा जुळवत राहिली. तिचा डबा त्यानं प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवला होता. मी तो उचलून जमिनीवर ठेवला. माझं तोंड बघून तो कीबोर्डाकडं वळला. मग मी त्याच्या मागंच जाऊन उभी राहिले. कीबोर्डावर एका बटणाला त्यानं लाल चिकटपट्टी लावली होती. मला सांगायला नको, ते कुठलं बटण ते.

संध्याकाळी सहाला सुरू झालं. ढोलावर धाकलूदादा, बँजोवर मनोज, कीबोर्डावर जितेश, आणि कडेला माझी पोरगी. देवाशप्पथ सांगते, मी पोरीकडं बघितलंच नाय. मी जितेशच्या बोटाकडं बघत होते. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला त्याचं बोट लाल पट्टीवर येऊन बसलं, नुसतं टेकवलेलं. चौथं सुरू झालं, बोट तिथंच. मी मनात बोलत होते, दाब तर खरं मेल्या, दाबून बघ.

माझ्या पायाजवळ हळदीचं पातेलं होतं. कोणी हात लावत नव्हतं, तरी पिवळ्या पाण्यावर वळ्या उठत होत्या. एक विरली की दुसरी, एकसारख्या. मी पाचव्या गाण्यापर्यंत त्या बघत राहिले. एक पण वळी मागं पडली नाय. मग मान वर केली आणि नाचणाऱ्यांचे पाय बघितले. म्हाताऱ्या, पोरी, नवऱ्याची आत्या, कळंबच्या बाजारात भाजी विकणारी एक ओळखीची बाई, सगळ्यांच्या टाचा पाण्यावरच्या वळ्यांबरोबर खाली येत होत्या. त्यांच्यातल्या एकीला पण माहीत नव्हतं आपल्याला कोण नाचवतंय. मान वळवून हर्षलाकडं कोणी बघत नव्हतं. आणि सगळ्या तिच्या बोटावर चालल्या होत्या. मी थक्क झाले. माझ्या पोटची पोरगी, आणि अख्खं अंगण तिच्या हातात.

सहाव्या गाण्याला जितेशचं बोट हललं. त्यानं नखानं लाल चिकटपट्टी खरवडली, सोडवली, गोळी केली आणि फेकून दिली. दोन्ही हातांनी वाजवायला लागला.

मग ते गाणं आलं, ज्याच्या मधी सगळे एकदम थांबतात. जितेशनं मान झटकली. ढोल बंद, बँजो बंद, कीबोर्ड बंद. नाचणाऱ्या बाया हात वर करून जागच्या जागी उभ्या. आणि हर्षलानं गर्दीतनं मला शोधलं, आणि गिटारवरचे दोन्ही हात काढून वर केले. दोन्ही तळवे उघडे.

गिटार हलली नाय.

मी पण दोन्ही हात वर केले, डोक्याच्या वर, जसा हंडा हाय आणि धरायची गरज नाय. रडत होते की हसत होते माहीत नाय. सगळं अंगण तिच्यासाठी थांबलेलं.

"चल आता पुढं," मी बोलले. तिला एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं.

तिचं बोट खाली आलं, आणि तो आवाज माझ्या पायात शिरला.