न वाजवणारीने मधोमध यावे

ज्या साली सासऱ्यांचा दुसराही डोळा गेला आणि धाकटीचा मुलगा पहिलीत जाऊन बसला, त्याच साली लाँड्रीत ढोल आले.

लाँड्री मोठी होती. तीन इस्पितळांच्या आणि कितीतरी हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जात. दोघी सख्ख्या जावा तिथे इस्त्रीच्या एकाच रुळावर कामाला होत्या. रूळ म्हणजे माणसाच्या छातीएवढे जाड, आतून वाफेने तापलेले लोखंडी नळकांडे. धाकटी अलीकडून ओली चादर त्याच्या तोंडी देई, थोरली पलीकडून कोरडी ओढून घेई. मग दोघी चार टोके धरून घडी घालत. एक पाऊल पुढे, हात वर, टोकाला टोक. एकमेकींकडे बघायचीसुद्धा गरज पडत नसे. लग्न होऊन धाकटी घरात आली आणि थोड्याच दिवसांत थोरलीने तिला कामावर नेले, तेव्हापासून हे असेच चालले होते. जावाजावांचे इतके कसे जमते, असे कुणी विचारले तर धाकटी म्हणे, “भांडायला वेळ कुठाय? दोन्ही हातांत चादर असते.”

पूर्वी रुळावर तिघी असत. तिसरी मधे उभी राहून सुरकुती काढी आणि चादर आत देणारीच्या बोटांवर डोळा ठेवी. नवे साहेब आले, त्यांनी एकदा फेरी मारली, आणि त्यांना तिसरी बाई नुसती उभी दिसली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमी जास्तच दिसतात. तिसरी गेली.

रुळापुढे एक लाल दोरी आडवी असे. ओढली की रूळ जागच्या जागी थांबे. तिघींचे काम दोघींवर आल्यावर दोरी वरचेवर ओढली जाऊ लागली, तेव्हा साहेबांनी ती उचलून वर खुंटीला बांधायला लावली. थांबवायचे बटण राहिले ते फक्त थोरलीच्या बाजूला. काही अडले की धाकटीने हाक मारायची आणि थोरलीने बटण दाबायचे, असा शिरस्ता दोघींनी आपसात पाडून घेतला.

या साहेबांना सगळे पाठीमागे टाळीसाहेब म्हणत. बोलण्याआधी ते एक टाळी वाजवत, जणू समोर माणसे नसून कबुतरे बसली आहेत. “आपण एक कुटुंब आहोत,” हे त्यांचे आवडते वाक्य. त्यांच्यापुढे एका चुलीवर जेवणाऱ्या दोन जावा उभ्या असत आणि हा गृहस्थ त्यांना कुटुंब म्हणजे काय ते सांगे. ज्याने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, त्यालाच कुटुंबाचे असे भरते येते.

धाकटीचा उजवा हात वर्षभर दुखत होता. मनगट सुजे, बोटे बधिर होत. सकाळी तिला वेणी घालता येईना, ती थोरली घाली. पण सांगायची सोय नव्हती. पुडके बांधणाऱ्या म्हातारीने “हात कापतो हो, साहेब” म्हणून दोन दिवसांची रजा मागितली होती. साहेबांनी टाळी वाजवून तिला कायमची विश्रांती देऊन टाकली.

घरीही तेच. सासूबाई म्हणाल्या, “हात सगळ्यांचेच दुखतात. दुखणं घरात काढावं, कामावर नेऊ नये.” धाकटीचा नवरा एका इमारतीवर पहारेकरी होता. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच काढा होता. “बघू,” तो म्हणाला. त्याने काही बघितले नाही. बायकांचा हात कणकेत, धुण्यात, रुळावर चालतो आहे तोवर तो दुखतो यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी आपल्याकडे फार घरांची रीत आहे. ढोल नंतर आले. ढोलांसाठी जागा या रितीने आधीच झाडून ठेवली होती.

शेवटी थोरली चार बायकांना घेऊन साहेबांच्या खोलीत गेली आणि रुळावर तिसरी बाई परत द्या म्हणाली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग टाळी वाजवून म्हणाले, “तुमचा प्रश्न माणसांचा नाहीये. एकोप्याचा आहे.”

आठवडाभरात टेम्पो भरून ढोल आले.

ढोलांबरोबर एक ढोलमास्तर आला. पायात काही नाही, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, अंगात ढगळ सदरा, आणि बोलणे असे की जणू आत्ताच समाधीतून उठून आला आहे. पूर्वी तो फ्रीज विकायचा, हे मागाहून कळले. त्याने मागच्या पटांगणात खुर्च्यांचे मोठे वर्तुळ केले, प्रत्येकापुढे एक उभा ढोल ठेवला आणि डोळे मिटून सांगितले की आपल्या हृदयाचा ठोका हाच जगातला पहिला ढोल. धुलाईच्या पिंपावरचा बुवा शेजारणीला म्हणाला, “मग तो वाजतोच आहे की. जाऊ का मी पिंपाकडे?” आठ-दहा जणी तोंडावर हात धरून हसल्या. ढोलमास्तराला वाटले, वातावरण मोकळे झाले.

मग त्याने नियम सांगितला. इथे कुणावर सक्ती नाही. ज्याला वाजवायचे नसेल त्याने फक्त वर्तुळाच्या मधोमध यायचे आणि का वाजवायचे नाही ते सगळ्यांना सांगायचे. मन हलके होते. साहेबांना हा नियम फार आवडला. सक्ती नाही म्हणताना माणूस किती सक्ती करू शकतो, हे त्यांना इतक्या सुबकपणे आजवर कुणी शिकवले नव्हते.

थोरलीला पेच कळला. मधोमध जाऊन धाकटीने हात दुखतो म्हणावे, तर उद्या ती म्हातारीच्या वाटेने घरी. न म्हणावे, तर वाजवावे लागणार. ती शेजारी वाकून हळूच म्हणाली, “नुसता हात लाव, धाकटे. आवाज आम्ही काढतो.”

धाकटीने तसेच केले. पण ज्याला ढोलातले काही कळत नाही त्याला न वाजवणारी माणसे बरोबर कळतात. ढोलमास्तर फिरत फिरत तिच्यापुढे येऊन थांबला आणि प्रेमळ आवाजात म्हणाला की या ताईंच्या आत काहीतरी अडकले आहे. साहेब लांबून बघत होते. धाकटीने त्यांच्याकडे पाहिले, जावेकडे पाहिले आणि हसली.

“लाजते हो मी,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही.”

मग काय विचारता. लाज घालवण्यासाठी ढोलमास्तराने तिच्यापुढे सगळ्यात मोठा ढोल आणून ठेवला आणि तिला दोन्ही तळव्यांनी वाजवायला लावले. बाकीच्यांनी तिच्यामागून वाजवायचे. पन्नास-साठ ढोल पटांगणाच्या चार भिंतींत घुमू लागले. छातीत हादरे बसत होते, दात वाजत होते. धाकटी वाजवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा साहेबांनी मोबाइल काढून ते टिपून घेतले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, “हे बघा, आनंदाश्रू.” बैल नांगराला जुंपला की मान हलवतो. तो होकार देतो आहे, असे समजणारे शहाणे जगात असतात. ते बहुधा साहेबच होतात.

सकाळ अशी एकोप्यात गेली. पण इस्पितळांना एकोपा अंथरता येत नाही, त्यांना चादरी लागतात. गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी जेवणाची सुट्टी रद्द केली आणि राहिलेले काम आजच उरकायला सांगितले. बायका रुळांवर गेल्या तेव्हा सगळ्यांच्या कानांत एकच गूं असा आवाज भरला होता. बोललेले ऐकू येईना, म्हणून खुणा करून काम चालले होते. धाकटीने जावेला हात दाखवला. तळवा लाल, बोटे मेणासारखी. थोरलीने खुणेनेच विचारले, जमेल? धाकटीने मान डोलावली.

उन्हे कलली तेव्हा थोरलीच्या बाजूला चादर तिरकी यायला लागली. धाकटी चादर कधी तिरकी देत नसे. आज जड झाली वाटतं, असे म्हणून तिला चिडवायला थोरलीने तोंड उघडले, तेवढ्यात तिला पिंपावरचा बुवा धावत येताना दिसला. तो दोन्ही हात हलवत होता आणि त्याचे तोंड उघडे होते. थोरलीने बटण दाबले. ती रुळाला वळसा घालून पलीकडे गेली. धाकटीचा उजवा हात कोपरापर्यंत रुळाखाली होता. खुंटीवरच्या लाल दोरीपर्यंत तिचा डावा हात थोडक्यासाठी पोचला नव्हता.

बुवाने मागून सांगितले की ती कितीतरी वेळ हाक मारत होती. त्यालाही ऐकू आली नाही. त्याने फक्त तिचे तोंड हललेले पाहिले.

तिला नेले ते लाँड्रीच्या चादरी जात त्यातल्याच एका इस्पितळात. हात वाचला नाही, आणि हात काढल्यावरही भाजल्याचे विष अंगात चढत गेले. थोरली खाटेजवळ बसून राही. शुद्धीवर असताना धाकटीने एकदा डाव्या हाताने अंगाखालच्या चादरीचे टोक चाचपले.

“ही आपलीच घडी आहे, जाऊबाई,” ती म्हणाली. “काय कडक झालीय. आता कळतं, पेशंट का कण्हतात ते.”

थोरली हसली. त्यानंतर धाकटी फारसे बोलली नाही.

ती गेल्यावर साहेबांनी काय करावे? दोरी सोडावी? तिसरी बाई आणावी? त्यांनी ढोलमास्तराला परत बोलावले. तिच्या आठवणीसाठी सगळ्यांनी एकत्र ढोल वाजवायचे ठरले. “तिला ढोल फार आवडायचे,” साहेब म्हणाले. पुरावा त्यांच्या मोबाइलमध्ये होताच. सासूबाईंना आणि धाकटीच्या नवऱ्याला मानाने बोलावून पहिल्या खुर्च्यांवर बसवले. माणसाला जिवंतपणी मदतीला एक बाई दिली नाही आणि मेल्यावर साठ ढोल दिले.

पटांगणात पुन्हा वर्तुळ झाले. ढोलमास्तराने डोळे मिटले, नियम पुन्हा सांगितला आणि हात उचलला. पहिला ठोका पडायच्या आत थोरली उठली. सासूबाईंनी तिला डोळ्यांनी दटावले. तिने ढोल उचलून खुर्चीमागे उलटा ठेवला, चालत वर्तुळाच्या मधोमध गेली आणि साहेबांकडे तोंड करून उभी राहिली.

“न वाजवणारीनं मधोमध येऊन कारण सांगायचं, असा तुमचा नियम आहे. म्हणून आले,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “तिला ढोल आवडत नव्हते, साहेब. तिचा हात वर्षभर बधिर होता. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला घरी बसवलं असतं, म्हणून तिनं वाजवले. त्या दिवशी ती मला हाक मारत होती. ती मला ऐकू आली नाही. माझ्या कानात तुमचे ढोल होते. आम्ही तिसरी बाई मागितली होती. ती असती तर हाक मारायची वेळच आली नसती. एवढंच कारण आहे.”

साहेबांचे हात टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले. ढोलमास्तराला शांतता सोसत नसावी. तो बोटांनी हलकेच ढोल वाजवू लागला. शेजारी बसलेल्या पिंपावरच्या बुवाने त्याच्या ढोलाच्या कातड्यावर आपला पसरट हात ठेवून दिला, आणि ढोल मुका झाला. मग बुवा उठून मधोमध जाऊन उभा राहिला. म्हणाला, “माझं कारण तेच.”

त्याच्यामागून इस्त्रीवाल्या उठल्या, मग पुडकेवाल्या, मग गाड्या भरणारे. प्रत्येक जण ढोल उलटा ठेवी आणि आत येई. वर्तुळ रिकामे होत गेले आणि मधली जागा भरत गेली. शेवटी कडेला राहिले साहेब, ढोलमास्तर, आणि पहिल्या खुर्च्यांवरची ती दोघे, मायलेक.

सासूबाई उठल्या. त्यांना चालायला वेळ लागला. थोरलीजवळ येऊन त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, मनगट दाबून पाहिले.

“तुझाही दुखतो का गं?” त्यांनी विचारले.

“दुखतो, आई.”

“मग इथं मोठ्यानं सांग,” सासूबाई म्हणाल्या. “मी त्या पोरीला दुखणं घरात काढायला सांगितलं होतं.”

धाकटीचा नवरा खुर्चीतच बसून राहिला. तो बघत होता.

कुणी कामावर गेले नाही, असे झाले नाही. चादरी होत्या आणि इस्पितळात माणसे निजलेली होती. थोरली आपल्या रुळाशी गेली, स्टुलावर चढली आणि खुंटीची लाल दोरी सोडून तिने ती पूर्वीसारखी आडवी लावली. बाजूच्या रुळावरच्या बायकांनी ते पाहून आपापल्या दोऱ्या सोडल्या. मग सगळ्या रुळांपुढे हात बांधून उभ्या राहिल्या, आणि साहेबांनी प्रत्येक रुळावर तिसरी बाई आणून उभी करेपर्यंत एकीनेही चादर उचलली नाही. त्यांना हवा असलेला एकोपा साहेब दारातून बघत होते. त्यांना तो आवडला नाही.

ज्या घरात ‘बघू’ म्हणतात आणि ज्या कचेरीत टाळ्या वाजवतात, तिथे आजही कुणाचा तरी हात बधिर होत असेल. त्याला ढोल देऊ नका. हात बघा.

धाकटी जाऊ वारली ती मुलाची पहिलीची परीक्षा व्हायच्या आधी, त्या सालच्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी. ती एकतीस वर्षांची होती.