सासूबाईंचं वजन

रुग्णवाहिकेवरचे सगळे तिला काडी म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. एकोणतीस वर्षांची बाई आणि वजन बेचाळीस किलो. दुसरं काय म्हणणार? "घरात खायला देत नाहीत का गं?" हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. हसायची आणि सोडून द्यायची. कामाला मात्र वाघ होती. रक्त थांबवणं, ऑक्सिजन लावणं, घाबरलेल्या माणसाला बोलतं ठेवणं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून एका वयस्कर गृहस्थांना खाली आणताना जिन्याच्या वळणावर तिची बोटंच सुटली. स्ट्रेचर कलला, गृहस्थांचा खांदा भिंतीवर आपटला. वरच्या बाजूला ड्रायव्हरदादा होते, त्यांनी सगळा भार अंगावर घेतला म्हणून निभावलं.

"असू दे, पोरी," ते गृहस्थच तिला म्हणाले. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुग्णवाहिका विभागाच्या साहेबांनी आवाज चढवला नाही. "सहा महिने ऑफिसात मदतीचे फोन घ्यायला बस," ते म्हणाले. "मग दादांबरोबर सरावाचा सत्तर किलोचा पुतळा दोन मजले उतरवून दाखव. जमलं तर गाडीवर ये. नाहीच जमलं, तर फोनवरही माणूस लागतोच."

घरी ती आणि सासूबाई दोघीच. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांनी उगवायचा. सासूबाई कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवून निवृत्त झालेल्या. अंगाने भरभक्कम आणि जिभेला धार. सुनेचं रडगाणं त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"मी भरपूर खाते हो आई. पण अंगालाच लागत नाही."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

आठ दिवस त्या नुसत्या बघत राहिल्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "सकाळी चहा. दुपारी पोटभर जेवतेस, हे खरं. मग पुन्हा चहा, पुन्हा चहा आणि रात्री दमलीस म्हणून दोन घास. याला भरपूर म्हणतात? शेजारची मांजर तुझ्यापेक्षा जास्त खाते."

काडीने मनातल्या मनात घास मोजून पाहिले. खोटं कुठे होतं?

रुग्णवाहिका ज्या दवाखान्याची होती, त्याच्या तळघरात, मोडलेल्या हातापायांना पुन्हा चालतं करण्यासाठी एक छोटी व्यायामशाळा होती. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना काडी जाऊन भेटली. आपण रोज पहाटे पाच किलोमीटर पळायला लागलोय, हे तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं, आहे तेवढंही जाळून टाकतेस! पळणं वाईट नाही, पण तुला हवीय ती ताकद पळून येणार नाही. आठवड्यातून तीन दिवस वजन उचलायचं, दर वेळी थोडंसं वाढवायचं. मधले दिवस विश्रांती. भूक नसली तरी खायचं आणि आठ तास झोपायचं. स्नायू इथे वाढत नाहीत, अंथरुणात वाढतात."

पहिल्या दिवशी नुसता लोखंडी दांडा उचलतानाच काडीला घाम फुटला. कोपऱ्यातल्या बाकावर सासूबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. व्यायाम संपला की डब्यातून दोन उकडलेली अंडी, केळं आणि बाटलीभर दूध बाहेर यायचं. घरी सकाळच्या चहाआधी मूठभर शेंगदाणे, जेवणात डाळ दुप्पट, रात्री पुन्हा भाताचा ढीग. तिसऱ्या आठवड्यात त्या ढिगापुढे काडी अक्षरशः रडली.

"उपाशी राहून रडणारी माणसं पाहिलीत मी," सासूबाई म्हणाल्या, "जेवायला बसून रडणारी तूच पहिली." पण त्यांनी ताटातला अर्धा भात काढून ठेवला आणि तासाभराने दुधात कालवून पुन्हा समोर आणला. तेव्हापासून तसंच चाललं. थोडं थोडं, पण दिवसातून पाच वेळा.

दोन महिन्यांनी काटा जेमतेम किलोभर सरकला. काडीचं तोंड उतरलं.

"काट्याकडे काय बघतेस?" बाईंनी विचारलं. "पहिल्या दिवशी किती उचललंस?"

"वीस किलो."

"आणि आज?"

"चाळीस."

"मग रडतेस कशाला?"

चौथ्या महिन्यात तापाने तिला दहा दिवस झोपवलं. कमावलेलं सगळं गेलं असं वाटून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूबाईंनी पेज भरवली, पाय चेपले आणि बरी होताच हाताला धरून तळघरात नेली. बाईंनी वजन निम्म्यावर आणलं. तीन आठवड्यांत काडी पुन्हा जिथे होती तिथे पोचली; एकदा कमावलेलं शरीर लवकर विसरत नाही, असं बाई म्हणाल्या.

परीक्षेला पंधरा दिवस उरले, पण जिन्याचा सराव झाला नव्हता. पुतळा साहेबांच्या कपाटात कुलूपबंद.

"पुतळा कशाला? मी बसते की," सासूबाई म्हणाल्या. "सत्तर किलोला मी दोन जास्तच भरेन."

रविवारी ड्रायव्हरदादा त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आले. सासूबाई हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसल्या, दोन ओढण्यांनी त्यांना घट्ट बांधलं. दादा वर, काडी खाली, म्हणजे जास्त भार तिच्याकडे. शेजारीपाजारी दारात उभे राहिले.

"हळू गं! मी काही सिमेंटची गोणी नाही!"

"आई, बोलू नका, मला हसू येतंय."

वळणावर सगळा भार तिच्या बोटांवर आला. सासूबाईंनी डोळे मिटले. काडीच्या मांड्या थरथरत होत्या, पण बोटं सुटली नाहीत. एक पायरी, दुसरी, तिसरी. खुर्ची तळमजल्याला टेकली.

"उघडू का डोळे?" सासूबाईंनी विचारलं. आणि मग, शेजाऱ्यांकडे बघत, "आयुष्यभर या वजनाला सगळ्यांनी नावं ठेवली. आज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं!"

पुतळा त्यानंतर तिला हलकाच वाटला. साहेबांनी सही केली आणि दुसऱ्या आठवड्यात काडी गाडीवर होती. पहिल्याच दिवशी चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, तिने आणि दादांनी कळा सुरू झालेल्या एका बाईला खाली आणलं. बाळ दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत झालं.

संध्याकाळी जेवताना काडीने धीर केला. "आई, तुम्ही नसता तर..."

"पुरे," सासूबाईंनी अडवलं. मग ताटात बघतच म्हणाल्या, "कारखाना सुटल्यापासून मी एकटीच जेवायचे. तू कामावरून यायचीस आणि पडायचीस. आता दिवसातून तीनदा कुणीतरी समोर बसतं. आभार मानायचे तर मी मानायला हवेत."

काडीने डाळीचं पातेलं पुढे ओढलं. कुणी न सांगताच तिने आणखी डाळ वाढून घेतली.

आता तिचं वजन सत्तेचाळीस आहे. दिसायला अजून बारीकच, पण आता तीनाऐवजी ठरवलेले आठवड्यातले दोन दिवस ती तळघर चुकवत नाही. सोडलं तर जाईल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. सासूबाई सोबत असतातच. गेल्या महिन्यात बाकावरून उठताना त्यांनी गुडघा धरला, तेव्हा "नुसतं बसून गुडघे धरणारच, आता तुमची पाळी," म्हणत बाईंनी त्यांच्या दोन्ही हातांत दोन-दोन किलोची डंबेल्स ठेवली.

"एवढीच?" सासूबाई म्हणाल्या.