रामरावची पळती पट्टी

मी, टेंभुर्णीचा अप्पाराव, आजवर कशाकशात संगणकाचं विंडोज टाकलं हे सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्याकडं टाकत न्हाईत, विंडो 'मारतात'. जालन्याच्या एमआयडीसीत ट्रक तोलायच्या काट्यात मी विंडो मारली. तेव्हापासून तो काटा वजन सांगायच्या आधी 'नक्की का?' विचारायचा. पिठाच्या गिरणीत मारली, तर गहू आन् ज्वारीचं पीठ आपोआप वेगवेगळ्या फोल्डरात पडायचं.

पण माझी एक गोष्ट खरी होती, आणि नेमकी तीच दुर्गावहिनी मानत नव्हत्या.

त्यांचे मालक रामराव म्हणजे माझा जिगरी दोस्त. पुढं लग्नपत्रिका टाइप करायचं दुकान, मागं घर. बायकोचं नाव तोंडानं घ्यायची रीत न्हाई. 'अगं ऐकलं का' एवढ्यावर त्याचा संसार चालला. पडद्यावर मात्र त्याला लाज नव्हती. गिऱ्हाईक आलं की तो मॉनिटर घराकडं फिरवून ठेवायचा. संगणकाला जरा वेळ हात लागला न्हाई, की काळ्या पडद्यावर त्यानं लिहून ठेवलेल्या अक्षरांची पट्टी पळायची: 'दुर्गा, तीन च्या.' जेवढी माणसं, तेवढ्या कपांचा आकडा.

रामराव देवाघरी गेला त्या दुपारी वहिनी जाफराबादच्या बाजाराला गेल्त्या. नंतर मी त्यांना म्हणालो, "वहिनी, शेवटी त्यानं तुमचंच नाव लिहिलं. तुम्ही घरी न्हाईत हे इसरून च्या सांगितला, आन् आम्ही दोघं हसत बसलो."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज तरी थापा मारू नका."

संगणक तेव्हा बंद झाला तो झालाच. पुढं विजेच्या लपंडावात जळला आणि त्यावर मांजर झोपू लागलं.

यंदा कचरू भंगारवाला दारात आला. त्याचं भंगार जालन्याच्या मिलमध्ये वितळतं आणि सळई होऊन निघतं. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा." मी थेट संगणकाच्या त्या डब्यावर जाऊन बसलो.

"वहिनी, माझी साक्ष वितळून जाईल!"

त्यांची नात आकांक्षा कॉलेजात संगणकच शिकते. ती हसली. "उठा आबा. डबा जळलाय, पण आतली डिस्क चांगली असंल."

जुन्या जालन्यातल्या एका दुकानातून तिनं डिस्कची नक्कल काढून आणली आणि आपल्या मोबाईलमध्ये विंडो मारून राह्यली.

"मोबाईलला खिडकी?" वहिनी म्हणाल्या.

"व्हर्च्युअल मशीन, आजी. खोटा संगणक. पण आतल्या विंडोजला वाटतं, आपण खऱ्या डब्यातच हावोत."

माझ्या थापांना इतकं भारी नाव कधी कुणी दिलं न्हाई.

मंग ती जुनी सुरावट वाजली, दुकान उघडताना वाजायची तीच. वहिनींनी पदर सावरला, कुणी घरात आल्यासारखा.

"आता कुणी हात लावायचा न्हाई," आकांक्षा म्हणाली. "हात लागला की पट्टी येत न्हाई."

आम्ही बसलो. वहिनींनी पदरानं काच पुसली.

"आजी!"

"अगं, धूळ हाय."

पुन्हा पहिल्यापासून वाट बघणं. मला तर बोलायचीही बंदी. बोलण्यानं पट्टीला काय होतंय? पण माझं कोण ऐकतो!

शेवटी पडदा काळा झाला. उजवीकडून अक्षरं पळत आली.

'दुर्गा, दोन च्या.'

वहिनी बघत राहिल्या. अक्षरं डावीकडं गेली, पुन्हा आली.

"दोन कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो आन् मी. दुसरं कोण होतं?"

वहिनी उठून आत गेल्या. गॅस पेटला, आल्याचा वास सुटला.

"भाऊजी," आतून आवाज आला, "ती पिठाच्या गिरणीची गोष्ट?"

"ती बी बिलकुल खरी, वहिनी."

"गप बसा."

त्यांनी दोन कप आणले. एक माझ्या हातात दिला. दुसरा मोबाईलसमोर ठेवला आणि पदराचं टोक मांडीवर घट्ट धरून बसल्या. चार्जिंग उतरून राह्यलं होतं, म्हणून आकांक्षानं मोबाईल उचलायला हात पुढं केला.

"हात लावू नको," वहिनी म्हणाल्या. "पट्टी जाईल."