सेन्सरवरचा पांढरा थर

लेकीचे दिवस भरले होते आणि आमची जुनी गाडी चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गचके खात होती. दवाखाना नेमका चढावर. माझा जीव टांगणीला लागला होता.

मेकॅनिकने दोनदा ऑक्सिजन सेन्सर बदलला. हा सेन्सर धूर तपासतो आणि इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं ते ठरवतो म्हणे. दोन्ही वेळा आठ दिवसांत गचके परत सुरू.

"अरे, कारागीर आहेस की भोंदू?" मी त्याला गॅरेजमध्ये सगळ्यांदेखत झापलं.

त्याने सेन्सर काढून दाखवला. "काकू, टोकावर हा पांढरा थर बघा. सिलिकॉन आहे. यानंच सेन्सर आंधळा होतो. धुराच्या नळीला कुणी काही फासलंय का?"

फासलं होतं, मीच. नळीला भेग दिसली तेव्हा मोरीच्या फटींत भरतात तेच सिलिकॉन भरलं. नवा सेन्सर बसला की भेगेवर आणखी एक हात फिरवायचे. आजवर घरात माझी चूक काढायची कुणाची छाती झालेली नाही. पण गॅरेजच्या बाकावर लेक पोट धरून बसली होती. मी गप्प राहिले असते तर तिसराही सेन्सर गेला असता, आणि ती चढावर अडकली असती.

मी पिशवीतून सिलिकॉनची ट्यूब काढून त्याच्या हातावर ठेवली. आजही फासणारच होते.

"दोन सेन्सर तुम्ही मारलेत, आणि भोंदू मी?"

"तोंड कमी चालव. आधी भेग वेल्ड कर," मी म्हटलं. "आणि नीट कर, बाबा."